सेंट पीटरचे बेट आणि एकांताचा हिशेब

स्वित्झर्लंडमधल्या बील सरोवरातल्या सेंट पीटर बेटावर आज पायी जाता येते. सरोवराच्या नैर्ऋत्य टोकाला एर्लाख नावाचे छोटे गाव आहे. तिथून वेतांच्या दलदलीतून एक सरळ वाट निघते आणि तासाभरात ती आपल्याला झाडांच्या सावलीत, द्राक्षमळ्यांच्या पायथ्याशी नेऊन सोडते. पाण्यात पाय न भिजवता बेटावर पोहोचणे यात थोडी फसगत झाल्यासारखे वाटते. कारण ज्याच्यामुळे हे बेट जगाला माहीत झाले त्या ज्याँ-जाक रुसोच्या लेखी या जागेचे सगळे मोल तिच्या चहूबाजूंच्या पाण्यात होते.

पाणी हटले ते एकोणिसाव्या शतकात. आरे नदीच्या पुराने आणि दलदलीने त्रासलेल्या या मुलखात १८६८ ते १८९१ या काळात मोठे जलनियंत्रणाचे काम झाले. नदी कालव्याने सरोवरात वळवली गेली, सरोवराचा उपसा वाढवला गेला आणि पाण्याची पातळी सुमारे दोन मीटरने खाली आली. तळाची एक चिंचोळी पट्टी उघडी पडली आणि बेटाचे द्वीपकल्प झाले. नाव मात्र बेटच राहिले. रुसो जिथे राहिला ती इमारतही उभी आहे. मूळची ती क्लूनी पंथाच्या साधूंचा मठ. हा मठ ११२७ साली स्थापन झाला. धर्मसुधारणेच्या लाटेनंतर तो बर्नच्या इस्पितळाच्या मालकीचा झाला आणि आता तिथे हॉटेल आहे. वरच्या मजल्यावर रुसोची खोली राखून ठेवली आहे. जमिनीत एक झडप आहे. भेटायला येणाऱ्यांची चाहूल लागली की रुसो तिच्यातून खाली सटकत असे, असे सांगतात.

या बेटाविषयी रुसोने दोनदा सविस्तर लिहिले. एकदा 'कन्फेशन्स'च्या बाराव्या म्हणजे शेवटच्या भागात, आणि दुसऱ्यांदा 'रेव्हरी' या त्याच्या अपुऱ्या राहिलेल्या पुस्तकातल्या पाचव्या 'फेरफटक्या'त. हा पाचवा फेरफटका जेमतेम दहा-बारा पानांचा आहे. पण युरोपीय साहित्यातल्या एकांताच्या कल्पनेवर या पानांइतका ठसा फार थोड्या लिखाणाने उमटवला असेल. प्रस्तुत लेखाचा विषय ती पाने हाच आहे. ती मी अनेक वर्षे शिकवली, आणि माझे आजचे मत असे की त्यातली बरीच वर्षे मी ती चुकीची शिकवली.

आधी प्रसंग समजून घेतला पाहिजे. १७६२ साली 'एमिल' आणि 'सामाजिक करार' ही रुसोची दोन पुस्तके निघाली आणि त्याच्या आयुष्याची घडी विस्कटली. पॅरिसमध्ये 'एमिल' जाळण्याचा आणि लेखकाला पकडण्याचा हुकूम सुटला, जिनिव्हाने दोन्ही पुस्तकांना आग लावली. रुसो पळून बर्नच्या राज्यातल्या इव्हर्दाँला गेला. बर्नने त्याला तिथून हाकलले. मग प्रशियाच्या फ्रेडरिक राजाच्या अमलाखालच्या नशातेल प्रांतात, मोतिए या डोंगरी गावात तो तीन वर्षे राहिला. तिथेही गावच्या पाद्र्याशी बिनसले, लोक बिथरले, आणि ६ सप्टेंबर १७६५च्या रात्री त्याच्या घरावर दगडांचा वर्षाव झाला. काही दिवसांतच तो या बेटावर येऊन राहिला. वय त्रेपन्न. बेट बर्नच्याच हद्दीत होते, म्हणजे ज्या सरकारने तीन वर्षांपूर्वी त्याला हद्दपार केले त्याच्याच अंगणात. कोणी हरकत घेणार नाही अशी तोंडी हमी त्याला मिळाली होती. तिच्यावर त्याने विश्वास ठेवला. २५ ऑक्टोबरला त्याला बेट सोडावे लागले. सगळा मुक्काम सुमारे सहा आठवड्यांचा.

'रेव्हरी'त तो जेमतेम दोन महिने म्हणतो. फरक मोठा नाही, आणि म्हाताऱ्या माणसाच्या आठवणीला तारखांचा पंजा लावून बसण्यात मला रस नाही. पण त्या लगोलग तो जे म्हणतो ते लक्षात घेण्याजोगे आहे. दोन महिन्यांच्या जागी दोन वर्षे, दोन शतके, अगदी अनंतकाळ तिथे काढला असता तरी आपल्याला कंटाळा आला नसता, अशा अर्थाचे ते वाक्य आहे. मुक्काम जितका आखूड तितके वाक्य लांब. हा हिशेब पुढे पुन्हा पुन्हा येतो.

दोन वृत्तान्तांची तुलना करताना त्यांचा छपाईचा क्रम विसरता कामा नये. 'कन्फेशन्स'चा बेटाविषयीचा भाग लिहिला गेला आधी, 'रेव्हरी' लिहायला घेतली १७७६मध्ये. पण दोन्ही लेखकाच्या मृत्यूनंतर छापले गेले, आणि तेही उलट क्रमाने. 'रेव्हरी' आली १७८२ साली, 'कन्फेशन्स'चा उत्तरार्ध १७८९ साली. म्हणजे युरोपच्या वाचकांपुढे बेटाचे स्वप्न आधी आले आणि त्या स्वप्नामागची फाइल सात वर्षांनी उघडली. 'कन्फेशन्स'मध्ये बर्नचे अधिकारी आहेत, निडाउच्या अंमलदाराशी पत्रव्यवहार आहे, पैशांची तजवीज आहे, कोणी दगा दिला याच्या शंका आहेत. 'रेव्हरी'त मोतिएची दगडफेक अर्ध्या वाक्यात येते आणि वाक्य लगेच बेटाच्या हिरवळीकडे वळते. ज्यांनी आधी दुसरे पुस्तक वाचले त्यांच्या मनात बेट कायमचे शांत झाले. पुस्तके निघण्याआधीच, १७७९ साली, तरुण गटे या बेटावर येऊन गेला होता, यावरून या जागेची ख्याती किती लवकर पसरली ते कळते.

आता माझ्या चुकीकडे. पाचव्या फेरफटक्याचे वाचन मी असे करत असे: माणसांनी छळलेला एक संवेदनशील लेखक निसर्गाच्या कुशीत येतो, पाण्याच्या काठी बसतो, लाटांच्या लयीत स्वतःच्या अस्तित्वाची निखळ जाणीव त्याला होते, आणि इथून पुढे रोमँटिक कवितेची वाट सुरू होते. हे खोटे नव्हे. बील सरोवराचे काठ जिनिव्हाच्या सरोवराहून अधिक रानटी आणि 'रोमँटिक' आहेत असे रुसो सुरुवातीलाच म्हणतो, आणि फ्रेंचमध्ये हा शब्द निसर्गासाठी वापरल्याच्या सुरुवातीच्या उदाहरणांत या वाक्याचा हमखास उल्लेख होतो. पण एका वर्षी तास संपत आला असताना मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, तो दिवसभर फिरत होता, तर मग जेवायला कोण घालत होतं?" वर्ग हसला. मीही हसलो आणि काहीतरी गुळमुळीत उत्तर देऊन सुटलो. प्रश्न मात्र सुटला नाही. त्या मुलीचे वडील सांगलीकडे दुसऱ्याच्या द्राक्षबागेत सालगडी होते हे मला नंतर कळले. तोवर ती वर्ग सोडून गेली होती.

तिच्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकातच होते. ते मी वाचत आलो होतो, पण पाहिले नव्हते. रुसो स्वतःच सांगतो की बेटावर एकच घर आहे, मोठे, ऐसपैस, सोयीचे. ते आणि बेटही बर्नच्या इस्पितळाचे आहे. तिथे इस्पितळाचा वसुली अधिकारी कुटुंब आणि नोकरचाकरांसह राहतो. त्याच्याकडे कोंबड्यांचे मोठे खुराडे आहे, पाळलेल्या पाखरांचा पिंजरा आहे, मासे ठेवायची तळी आहेत. बेटाचा घेर अर्ध्या लीगचा, पण तेवढ्यात शेते, द्राक्षमळे, जंगल, फळबागा, कुरणे सगळे आहे. म्हणजे हे रान नव्हतेच. ही एका धर्मादाय संस्थेची उत्तम चालणारी बागायत होती, आणि तिच्या उत्पन्नावर तिकडे शहरात आजारी माणसांची सोय होत होती. वसुली अधिकाऱ्याचे नाव एंगेल. 'रेव्हरी'त ते येत नाही. तिथे तो फक्त 'अधिकारी' आणि त्याची बायको फक्त 'अधिकारीणबाई'. ती दोघे आणि नोकर अगदी भली माणसे होती, त्याहून अधिक काही नव्हती, आणि आपल्याला नेमके तेच हवे होते, असे रुसो म्हणतो. या वाक्यातला प्रेमळपणा आणि त्यातला उद्धटपणा वेगळे करता येत नाहीत.

चौथे माणूस तेरेझ लव्हासर. वीस वर्षांची सोबतीण, पाच मुलांची आई. ती पाचही मुले रुसोने पॅरिसच्या अनाथालयात सोडली होती. पुस्तके आणि सामानसुमान घेऊन ती मागाहून बेटावर आली. पुस्तकांच्या पेट्या उघडायच्याच नाहीत असे रुसोने ठरवले होते, आणि पेट्या बंद राहिल्याचा आनंद त्याने मोठ्या चवीने वर्णन केला आहे. त्या पेट्या बांधून, गाडीत घालून, नावेतून आणण्याचा खटाटोप कोणी केला याचा त्या वर्णनात मागमूस नाही.

इथवर येऊन थांबलो तर रुसोवर अन्याय होईल. हल्ली अशी समीक्षा फार सोपी झाली आहे: एकांताची स्तुती करणारा कोणताही लेखक घ्यावा, त्याचे कपडे कोण धूत होते ते शोधावे आणि खटला निकाली काढावा. दुर्गाबाई भागवतांनी मराठीत आणलेल्या थोरोवरही हा आरोप वर्षानुवर्षे होत आला आहे. रुसोच्या बाबतीत हा आरोप टिकत नाही, कारण काम करणारी माणसे त्याने मजकुरातून काढून टाकलेली नाहीत. सकाळी वनस्पती गोळा करून परतल्यावर तो अधिकारी, त्याची बायको आणि तेरेझ यांच्याबरोबर मजुरांकडे जाई, पीक पाही, आणि बहुतेक वेळा स्वतःही हात लावी. बर्नहून त्याला भेटायला आलेल्या मंडळींना तो अनेकदा उंच सफरचंदाच्या झाडावर सापडे. कमरेला पोते बांधलेले, ते फळांनी भरायचे आणि दोरीने खाली सोडायचे. हे चित्र मला पाण्याकाठच्या प्रसिद्ध चित्राहून अधिक खरे वाटते. रविवारी आसपासच्या काठांवरची माणसे सुगीच्या दिवसांत बेटावर येत आणि मधल्या उंच जागेवर, झाडांच्या दोन रांगांमधल्या दालनात नाचत. म्हणजे हा एकांत रविवारी सुट्टी घेत असे.

आणि सशांची गोष्ट आहे. मोठ्या बेटाजवळ एक लहान, ओसाड बेट होते. तिथे ससे सोडावेत, ते निवांत वाढतील आणि कोणाचे नुकसान होणार नाही, ही कल्पना रुसोची. अधिकाऱ्याने नशातेलहून नर आणि माद्या मागवल्या. मग अधिकाऱ्याची बायको, तिची एक बहीण, तेरेझ आणि रुसो अशी सगळी वरात ससे घेऊन नावेतून निघाली. अधिकाऱ्याची बायको पाण्याला फार भिणारी. पण रुसोच्या भरवशावर ती नावेत चढली आणि वाटेत जराही घाबरली नाही, हे तो अभिमानाने नोंदवतो. ग्रीक वीरांच्या नौकेच्या सुकाणूवाल्यालाही आपल्याइतका गर्व झाला नसेल, असे तो म्हणतो. राजांना न जुमानणारा, कायद्यांचा तत्त्वज्ञ, शेवटी सशांच्या वसाहतीचा संस्थापक होतो. हा विनोद तो स्वतःवर करतो आहे. तो कळत नाही त्यांना रुसो रडका वाटतो.

पण त्याच लहान बेटाविषयी, त्याच पानांत, एक वाक्य आहे ज्याच्याकडे मी वीस वर्षे दुर्लक्ष केले. लाटांनी आणि वादळांनी मोठ्या बेटाचे काठ खचत. ते भरून काढण्यासाठी लहान बेटावरची माती सतत वाहून नेली जाई, आणि असेच चालले तर लहान बेट एक दिवस नाहीसे होईल असे रुसोला दिसते. मग तो एवढेच म्हणतो की दुबळ्याचे सत्त्व नेहमी असेच बलिष्ठाच्या फायद्यासाठी वापरले जाते. आणि पुढे जातो. विषमतेवर ग्रंथ लिहिणारा माणूस इथे क्षणभर डोके वर काढतो आणि पुन्हा हिरवळीत नाहीसा होतो. आपण ज्या सुंदर बेटावर बसलो आहोत त्याचे काठ दुसऱ्याच्या मातीने शाबूत राहिले आहेत हे त्याला माहीत आहे. माझ्या विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न रुसोने स्वतःला विचारला होता. फक्त उत्तर त्याने माणसांच्या जागी बेटांच्या भाषेत दिले.

हे एकदा दिसले की वनस्पतिशास्त्राची प्रसिद्ध पानेही वेगळी दिसू लागतात. मोतिएच्या मुक्कामात एका वैद्याने त्याला वनस्पतींचा नाद लावला होता. बेटावर तो सकाळी हातात भिंग आणि काखेत लिनिअसचे पुस्तक घेऊन निघे. बेटाचे त्याने मनाशी चौकोन पाडले होते, प्रत्येक ऋतूत ते एकामागून एक पालथे घालायचे असा बेत होता. एकही गवताचे पाते न सोडता संपूर्ण बेटाची वनस्पतीसूची करायची आणि तिला 'सेंट पीटर बेटाची वनस्पतिसृष्टी' या अर्थाचे भारदस्त लॅटिन नाव द्यायचे. कोणा जर्मनाने लिंबाच्या सालीवर पुस्तक लिहिले आहे म्हणे, मग आपण प्रत्येक गवतावर आणि प्रत्येक शेवाळावर का लिहू नये, असे तो विचारतो. तेरड्याची शेंग फुटताना पाहून त्याला झालेला आनंद तर मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. श्रावणात तेरड्याच्या पिकल्या शेंगेला बोट लावून ती फटकन उडवण्याचा खेळ आपल्यातल्या कित्येकांनी खेळला आहे. फरक इतकाच की आपण तो सात वर्षांचे असताना खेळलो, आणि रुसो त्रेपन्नाव्या वर्षी, युरोपात सगळीकडून हद्दपार होत असताना. 'कन्फेशन्स'मध्ये तो म्हणतोच की आपल्याला आवडणारा आळस हा हात जोडून बसणाऱ्याचा नव्हे, सारखे हालचाल करूनही काहीच न करणाऱ्या लहान मुलाचा आहे.

मग ती पाण्याकाठची पाने. दुपारी जेवणानंतर मंडळी टेबलाशी रेंगाळत असताना तो हळूच निसटे, एकटाच नावेत बसे, सरोवराच्या मध्यावर जाऊन पाठीवर आडवा होई आणि नाव वाहील तिकडे जाऊ देई. संध्याकाळी काठावर बसे. लाटांचा येण्याजाण्याचा आवाज मनातल्या हालचालींची जागा घेई, आणि विचार करण्याचे कष्ट न घेता आपण आहोत एवढे जाणवत राही. फ्रेंच मजकुरात या ठिकाणी वाक्ये लांबतात, अपूर्ण भूतकाळाची क्रियापदे एकमेकांवर लाटांसारखी येतात. आपल्या 'बसत असे, ऐकत असे, विसरून जात असे' या रूपांत मराठीला ती लय आपसूक मिळते. म्हणून हा उतारा इंग्रजीपेक्षा मराठीत चांगला उतरेल असे मला नेहमी वाटत आले आहे. यात भूत नाही, भविष्य नाही, हवेपण नाही, भीती नाही. अशा नकारांच्या पायऱ्यांनी रुसो त्या अवस्थेपर्यंत जातो. भामनाथाच्या डोंगरावर जाऊन बसणाऱ्या तुकोबांची परंपरा ज्यांच्या कानात आहे त्यांना इथे ओळखीचे काही सापडते. पण साम्य फार ताणू नये. तुकोबा एकांतात विठ्ठलाला भेटायला जातात. रुसो तिथे स्वतःला भेटतो, आणि जोवर ही अवस्था टिकते तोवर आपण देवासारखे स्वतःला पुरेसे असतो असे म्हणतो. वारकऱ्याला हे वाक्य उच्चारवणार नाही.

शिकवताना आम्ही या उताऱ्यापाशी थांबतो. रुसो थांबत नाही. पुढच्याच परिच्छेदांत तो म्हणतो की ही अवस्था सगळ्यांसाठी नाही. जग जसे आहे तसे असताना लोकांनी या गोड तंद्रीच्या नादी लागून कामाच्या आयुष्याचा कंटाळा करावा हे चांगलेही नाही. ज्याला माणसांच्या समाजातून तोडून टाकले आहे, ज्याच्या हातून स्वतःसाठी किंवा इतरांसाठी काही उपयोगी घडण्यासारखे उरले नाही, त्याला ही भरपाई आहे. एकांताचा हा सर्वांत मोठा गायक त्याची शिफारस कोणालाही करत नाही, आणि माझ्या मते पाचव्या फेरफटक्याचा कणा या सावधगिरीत आहे. रिसॉर्टच्या जाहिराती लिहिणारे आणि काही समीक्षक त्याला जे म्हणायला लावतात, ते त्याने कधी म्हटलेले नाही.

याच पानांतली आणखी एक गोष्ट बेटाच्या चित्राला तडा देते. बॅस्टिलमध्ये, अगदी डोळ्यांना काहीच दिसणार नाही अशा अंधारकोठडीतही आपण अशी सुखद स्वप्ने पाहू शकलो असतो, असे तो लिहितो. सुपीक, एकाकी बेटावर ते अधिक सोपे आणि अधिक सुखाचे होते एवढीच भर घालतो. तुरुंग हा शब्द इथे अलंकार म्हणून आलेला नाही. बर्नच्या मंडळाचा निघून जाण्याचा हुकूम आल्यावर २० ऑक्टोबर १७६५ला त्याने निडाउच्या अंमलदाराला पत्र लिहिले. बर्नच्या सरकारने आपल्याला उरलेल्या आयुष्यभर त्यांच्या एखाद्या किल्ल्यात कैद करून ठेवावे. खर्च आपण करू, कागद-लेखणी नको, बाहेरच्या जगाशी संपर्क नको. फक्त थोडी पुस्तके आणि कधीमधी एखाद्या बागेत फिरण्याची मोकळीक असू द्यावी, अशी विनंती त्यात आहे. उत्तरादाखल चोवीस तासांत राज्याबाहेर जाण्याचा हुकूम आला असे तो 'कन्फेशन्स'मध्ये सांगतो. माणूस जन्मतः स्वतंत्र आहे अशी सुरुवात करून जगाला हादरवणाऱ्या ग्रंथाच्या कर्त्याने तीनच वर्षांनी सरकारकडे जन्मठेप मागितली आणि सरकारने ती नाकारली. मला या पत्रातला बागेचा तपशील सोडवत नाही. लेखणी सोडायला तो तयार आहे, बाग नाही.

बागेविषयी त्याचे म्हणणे याआधीच लिहून झाले होते. 'ज्यूली' ही त्याची १७६१ची कादंबरी. जिनिव्हाच्या सरोवराकाठी क्लारां इथे ज्यूलीने आपल्या घराजवळ एक गुप्त बाग केली आहे. दाट पानांनी झाकलेली, कुलूपबंद, 'एलिसी' म्हणजे पुण्यवंतांचे स्वर्गवन या नावाची. पूर्वीचा प्रियकर सां-प्रू आत येतो तेव्हा त्याला माणसाचा हात न लागलेले रान पाहतो आहोत असे वाटते. ज्यूली त्याला सांगते की सगळे निसर्गानेच केले आहे, पण माझ्या देखरेखीखाली. इथली एकही गोष्ट माझ्या आज्ञेवाचून नाही. पाणी वळवलेले आहे, वेली चढवलेल्या आहेत, पाखरांना दाणा घातला जातो म्हणून ती राहतात. रानटीपणा हा इथे मेहनतीने मिळवलेला परिणाम आहे आणि मेहनतीच्या खुणा पुसणे हाही त्याच मेहनतीचा भाग आहे. बेटावर येण्याच्या चार वर्षे आधी रुसोला हे सगळे ठाऊक होते. म्हणून पाचव्या फेरफटक्यात तो भोळेपणाने निसर्गाला भुलला असे म्हणवत नाही. ज्यूलीची बाग ज्याने कल्पिली त्याला इस्पितळाच्या फळबागेतला हात दिसत नसणे शक्य नाही. त्याने तो हात दाखवला आणि नजर फिरवली. नजर फिरवणे हे न पाहण्याहून वेगळे असते, आणि समीक्षकाने दोन्ही एकाच कलमाखाली घालू नयेत.

कादंबरीतली ती बाग वाचून मार्की द जिरार्दां या जमीनदाराने पॅरिसच्या ईशान्येला एर्मनोंव्हीलला खरीखुरी बाग उभी केली. मे १७७८मध्ये त्याने रुसोला तिथे राहायला बोलावले. रुसो गेला, आणि २ जुलैला तिथेच वारला. हा मुक्कामही सुमारे सहा आठवड्यांचा, बील सरोवरावरच्या बेटाइतकाच. जिरार्दांने त्याला बागेतल्या कृत्रिम तलावातल्या पॉपलर वृक्षांच्या बेटावर पुरले. बेट हवे होते, मिळाले. त्या समाधीची युरोपभर यात्रा सुरू झाली. जर्मनीत व्योर्लिट्झच्या उद्यानात तर त्या बेटाची हुबेहूब नक्कलही केली गेली. १७९४ साली क्रांतिकारक सरकारने त्याचे अवशेष पॅरिसला पांथेआँमध्ये हलवले, मोठ्या मिरवणुकीने. बेटाबाहेर काढण्याची ही दुसरी वेळ, या वेळी सन्मानाने.

पाचवा फेरफटका कुठे लिहिला गेला हेही सांगायला हवे. या बेटावर नव्हे. तो पॅरिसमध्ये, गल्लीतल्या एका भाड्याच्या घरात, बाराएक वर्षांनी लिहिला गेला. तिथे तो पोटासाठी संगीताच्या वह्या नकलून देत असे. 'रेव्हरी'साठीची काही टिपणे त्याने पत्त्यांच्या पानांवर उतरवलेली आहेत. अशी सत्तावीस पाने नशातेलच्या ग्रंथालयात जपून ठेवली आहेत. फिरायला जाताना खिशात मावावीत म्हणून पत्ते. फेरफटक्याच्या अखेरीस तो म्हणतो की बेटावर असताना जे धूसर होते ते आता कल्पनेत अधिक स्पष्ट दिसते, आणि दुर्दैव असे की कल्पनाशक्ती थंडावत जाईल तसतसे तेही कमी कमी येऊ लागेल. म्हणजे बेटाचे पाणी त्याच्या हयातीतच ओसरू लागले होते.

मी बेटावर गेलो तेव्हा सुगी संपत आली होती. खोलीतली झडप पाहिली. नंतर हायडेवेग नावाच्या त्या वाटेने परत एर्लाखला निघालो. वाटेत झाडीने भरलेला एक उंचवटा लागतो, दोन्ही बाजूंना वेत, पायाखाली कोरडी जमीन. नकाशात त्याला अजून सशांचे बेट म्हणतात. रुसोला वाटले होते की ते मोठ्या बेटाच्या पोटात जाऊन नाहीसे होईल. ते राहिले, आणि आता मोठ्या बेटावर पायी जायचे तर त्याच्यावरूनच जावे लागते. त्या विद्यार्थिनीला हे कळवावे असे वाटले. जुन्या हजेरीपटावरून तिचे गाव काढले आहे.